मागून येणारा आवाज

वाचनासाठी: १ इतिहास २५:१-८, स्तोत्र १३६, कलस्सै ३:१२-१७

उपासनेतील गायनावर पाठ लिहिण्याचा अधिकार आम्हास कोणी दिला, असे आमच्या मंडळीतील जुनी माणसे विचारतील आणि त्यांचे विचारणे रास्तच ठरेल. आमचा गळा गोड नाही. तालाचे अंगही बेताचेच आहे. बेळगावजवळच्या एका तालुक्याच्या गावी आम्ही मंडळीच्या गायनाची व्यवस्था पाहतो, ती काही कौशल्यामुळे नव्हे. दुसरे कोणी पुढे आले नाही म्हणून ती आमच्याकडे आली. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. ह्या कामात आमच्या हातून एक अपराध घडला, आणि त्या अपराधानेच पवित्र शास्त्रातील काही वचने आम्हास पुन्हा उघडून वाचावयास लावली.

आमचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. घरी एक जुनी हातपेटी होती. तिच्या भात्याला दोन ठिकाणी ठिगळ लावलेले होते, आणि मधल्या सप्तकातील एक पट्टी दाबली की वर येत नसे, ती बोटाने उचलावी लागे. रात्रीच्या कुटुंब-उपासनेत वडील 'उपासना-संगीत' उघडून बसत. आईला पुस्तक लागत नसे. वडिलांचा शब्द चुकला म्हणजे गाणे न थांबविता ती नुसती त्यांच्याकडे पाही, आणि वडील पुढच्या कडव्यात सावध होत. वीज गेलेली असली म्हणजे पाठ असलेलीच गीते निघत, त्यामुळे पावसाळ्यात आमच्या घरी आईचे राज्य असे. अशा घरात गाणे वेगळे शिकावे लागत नाही. भाकरीबरोबर ते पोटात जाते.

१९९२ साली आम्ही तेरा वर्षांचे होतो. नाताळच्या गायनाची तालीम चालू होती आणि आमचा आवाज नेमका त्याच दिवसांत फुटला. गायन बसविणारे गृहस्थ भले होते. आता ते प्रभूमध्ये विसावले आहेत, म्हणून नाव सांगत नाही. त्यांनी पेटी थांबविली आणि सर्वांसमक्ष आम्हास म्हटले, "तू रांगेत उभा राहा, पण नुसते ओठ हालव." मुले हसली. नाताळच्या दिवशी पांढरा सदरा घालून आम्ही दुसऱ्या रांगेत उभे राहिलो आणि सबंध तीन गीते नुसते ओठ हालविले. आई पुढच्या बाकावर होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "तुझा आवाज मला बरोबर ओळखू आला." आम्ही काही बोललो नाही.

ह्या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. त्यातील पडदे लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. तो खाली पोहोचेपर्यंत कोठे घसरेल ह्याचा नेम नसतो. कान मात्र तोच असतो, त्यात बिघाड झालेला नसतो. ज्यांना सुरांतील फरक खरोखरच कळत नाही अशी माणसे फार थोडी असतात. "मला गाता येत नाही" असे म्हणणाऱ्या बहुतेकांना कधीतरी, कोणीतरी, तसे सांगितलेले असते. हे आम्हास कळले तेव्हा उशीर झाला होता. त्या नाताळनंतर अकरा वर्षे आम्ही मंडळीत गायलो नाही. पुस्तक उघडून धरीत असू आणि इतर लोक गात असताना शब्द वाचीत असू. त्यातून एक लाभ झाला हे कबूल केले पाहिजे. रेव्ह. नारायण वामन टिळकांच्या गीतांत शब्द किती साधे आणि मागणे किती मोठे, हे आम्हास त्या मुकेपणात कळले. चालीच्या नादात गाणाऱ्याला ते नेहमी कळतेच असे नाही.

२००३ साली वडील वारले. रात्रभर घरी गायन चालले होते. शेजारच्या कानडी मंडळीतील लोकही आले होते. आमच्या सीमाभागात एकाच चालीवर मराठी आणि कानडी शब्द एकाच वेळी म्हटले जातात. नवख्या पाहुण्याला तो गोंधळ वाटतो, आम्हास वाटत नाही. पहाटेच्या सुमारास एक गीत चालू असताना मध्येच आई थांबली. जिला कधी पुस्तक लागले नाही, तिला पुढची ओळ आठवेना. खोलीत कानडी शब्द तेवढे पुढे चालले होते. तेव्हा ती मराठी ओळ आमच्या तोंडून निघाली, मोठ्याने आणि बेसूर. कोणी वळून पाहिले नाही. आईने धागा धरला आणि ती पुढे म्हणू लागली. त्या दिवसापासून आम्ही पुन्हा गाऊ लागलो.

पुढे नोकरी सांभाळून पत्रद्वारा अभ्यास करून २००८ साली आम्ही धर्मशास्त्राची पदविका घेतली आणि स्थानिक उपदेशक झालो. त्याच सुमारास गायनाची जबाबदारीही आली. तरुण संघाने वर्गणी काढून कीबोर्ड घेतला, दोन माइक घेतले. नव्याने अधिकार मिळालेल्या माणसाचा उत्साह काय असतो हे वाचकांस सांगावयास नको.

आमच्या मंडळीत ऐंशीच्या घरातील एक आजी होत्या. डाव्या हाताला तिसरा बाक त्यांचा ठरलेला. आवाज खणखणीत. पण त्या नेहमी अर्धी ओळ मागे असत. सर्वांची ओळ संपे, कीबोर्ड पुढच्या ओळीवर जाई, आणि आजींचे शेपूट अजून मागेच वळवळत असे. माइकजवळची मुले हसू दाबीत. २००९ साली नाताळ जवळ आला तसे आम्हास ते खटकू लागले. एका रविवारी उपासना संपल्यावर आम्ही त्यांच्याजवळ गेलो आणि म्हटले, "आजी, जरा हळू म्हणाल का? पोरांचा ताल चुकतो." आजी म्हणाल्या, "बरं बाळ."

पुढच्या रविवारपासून त्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या. गायन स्वच्छ झाले. वार्षिक अहवालात आम्ही आमच्या हाताने लिहिले की ह्या वर्षी उपासनेतील गायनात समाधानकारक सुधारणा झाली. ते वाक्य आजही त्या वहीत आहे.

हे करताना आमच्याजवळ आधार नव्हता असे नाही. जॉन वेस्लीने १७६१ साली आपल्या गीतसंग्रहाला गायनाविषयी सात सूचना जोडल्या. त्या आम्ही पदविकेच्या अभ्यासात पाठ केल्या होत्या. सहावी सूचना तालाची: इतरांच्या पुढे धावू नये आणि मागेही रेंगाळू नये. आजींच्या बाबतीत आम्हास ही सहावी सूचना आठवली. तिसरी आठवली नाही. तिसरीत वेस्ली म्हणतो की सर्वांनी गावे, आणि थोड्याशा अशक्तपणाने किंवा थकव्याने कोणी गाणे सोडू नये. पाचवीत तो चांगला मोठा गळा असणाऱ्यांनाच आवरतो की, तुमचा आवाज मंडळीच्या वर निराळा ऐकू येईल असे ओरडू नका. पाचवी सूचना आमच्या दोन माइकांना लागू होती. असो.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. कौशल्याचा पक्ष आधी मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. दाविदाने कराराचा कोश आणला तेव्हा कनन्या हा गायनावर नेमलेला होता, आणि त्याचे कारणही तेथेच दिले आहे की तो त्या कामात निपुण होता (१ इतिहास १५:२२). पंचविसाव्या अध्यायात आसाफ, हेमान आणि यदूथून ह्यांच्या घराण्यांतील शिकलेल्या गायकांची संख्या दोनशे अठ्ठ्याऐंशी दिली आहे. म्हणजे देवाच्या मंदिरात तालीम होती, गुरू होते, शिस्त होती. जे म्हणतात की मन शुद्ध असले की पुरे, तालमीला यावयास नको, त्यांनी हा अध्याय दोनदा वाचावा.

पण आठवे वचन आपण घाईने ओलांडतो. त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. लहान असो की मोठा, गुरू असो की शिष्य, सर्वांना एकच रीत. ज्याला उत्तम येते त्याला सणाचा दिवस आणि नवशिक्याला रिकामा दिवस, असा हिशेब तेथे नव्हता. शिवाय हे शिकलेले गायक गाऊन झाल्यावर लोकांनी काय करावयाचे? सोळाव्या अध्यायात गीताच्या शेवटी सर्व लोक 'आमेन' म्हणून परमेश्वराची स्तुती करितात. स्तोत्र १३६ मध्ये तर प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच आहे, तो सव्वीस वेळा येतो. एकाने पहिले अर्धे म्हणावे आणि मागून सर्वांनी दुसरे अर्धे म्हणावे, अशीच ही रचना आहे. प्रत्येक वेळी नवे काय घडले ते पुढचा सांगतो. मागच्याला एवढेच पाठ असले की पुरे. ज्याने कधी गुंडाळी हातात धरली नाही, त्यालाही त्या स्तोत्रात सव्वीस वेळा तोंड उघडावयाचे होते.

आमच्या प्रभूने शिष्यांबरोबर गाइल्याचा स्पष्ट उल्लेख शुभवर्तमानात एकाच प्रसंगी येतो, भोजनानंतर जैतुनाच्या डोंगराकडे निघताना (मत्तय २६:३०). वल्हांडणात स्तोत्र ११३ ते ११८ म्हणण्याचा प्रघात होता, आणि त्यातही एकाने पुढे म्हणून इतरांनी उत्तर देण्याची रीत यहुद्यांत होती. तेथे कोण गात होते ते पाहा: पेत्र गात होता. काही तासांनी तो काय बोलणार होता हे प्रभूला ठाऊक होते, तरी त्याला नुसते ओठ हालव असे सांगितले नाही.

कलस्सैकरांस लिहिताना पौल गायनाला शिकविण्याचे आणि बोध करण्याचे साधन म्हणतो (३:१६). कोणी कोणाला शिकवावयाचे? मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकमेकांस असा आहे. उपदेशकाने मंडळीस किंवा गायकांनी श्रोत्यांस, असे तेथे नाही. आणि हे पत्र कोणासमोर वाचले जाणार होते ते पुढच्या वचनांवरून दिसते. तेथे स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, मुले आहेत, दास आहेत. दासाने धन्याला गीतातून बोध करावा अशी ही सोय आहे. एरवी त्याला धन्यापुढे तोंड कोण उघडू देणार होते? हे वचन आम्ही अनेकदा उपदेशात वापरले होते. आमच्या शेवटच्या बाकावर कोण गप्प बसले आहे हे मात्र ते वापरताना कधी आमच्या ध्यानात आले नाही.

२०१२ साली आजी घरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. पाळकसाहेब त्यांना प्रभुभोजन द्यावयास निघाले, तेव्हा आम्हीही बरोबर गेलो. प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी एक गीत म्हणावयास सांगितले. पुस्तक आम्ही घरी विसरलो होतो. उपासनेत वेळ वाचविण्यासाठी आम्ही नेहमी तीनच कडवी घेतो, त्यामुळे तिसऱ्यानंतर आमची गाडी थांबली. आजी थांबल्या नाहीत. डोळे मिटून त्या चौथ्यावर गेल्या, पाचव्यावर गेल्या, शेवटपर्यंत गेल्या. आता आम्हीच त्यांच्या मागे अर्धी ओळ धरून चाललो होतो, कारण पुढचा शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आम्हास म्हणता येत नव्हते.

आम्ही विचारले, "आजी, एवढे सगळे कुठल्या पुस्तकातून पाठ केलेत?"

"मला वाचाया कुठं येतंय बाळ? ल्हान हुतो तवा बायबलबाई यायच्या. त्या एक ओळ म्हणायच्या, मागनं आम्ही म्हणायचो. अजून बी फुडची ओळ कानावर पडल्याबिगर माझ्या तोंडातनं शब्द येत न्हाई. हितं कुणी न्हवतं, म्हणून मीच मनात बाईंची ओळ म्हटली, मग तोंडानं."

त्या क्षणी आमच्या ध्यानात आले की आजी मागे पडत नव्हत्या. त्या उत्तर देत होत्या. त्यांना शिकविलेल्या रीतीप्रमाणे त्या अगदी तालात होत्या. ओळ सांगणारा तेवढा आम्ही काढून टाकला होता.

"आजी, माझं चुकलं," आम्ही म्हटले. "मी तुम्हाला हळू म्हणा म्हणालो होतो."

"म्हणालास खरं. हळू म्हटलं तर मला माझंच ऐकू येईना. मग सोडून दिलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हास सोपे गेले असते.

ही ओळ सांगण्याची रीत अडाणी लोकांची सोय म्हणून आपण सोडून दिली. तिचा इतिहास पाहिला तर ती मोठ्या घरची आहे. चौथ्या शतकात लावदिकिया येथील सभेने ठरविले होते की नेमलेल्या गायकांवाचून इतर कोणी मंदिरात गाऊ नये. हेतू गोंधळ टाळण्याचा असेल, पण अशा विचाराने लोकांचे गाणे हळूहळू त्यांच्या तोंडातून गेले. ल्यूथरच्या वेळी, १५२४ साली, आठ गीतांचे एक चिमुकले पुस्तक निघाले आणि ते गाणे जर्मन भाषेत लोकांच्या तोंडी परत येऊ लागले. परंतु ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तकाचा काय उपयोग? १६४५ साली वेस्टमिन्स्टरच्या धर्मपंडितांनी उपासनेचे नियम केले, त्यात ह्याचा विचार आहे. मंडळीत पुष्कळांना वाचता येत नसेल तर पाळकाने किंवा दुसऱ्या योग्य मनुष्याने स्तोत्राची ओळ आधी वाचून दाखवावी आणि मग सर्वांनी ती गावी, असे त्यांनी सुचविले.

आपल्या महाराष्ट्राला तर हे कोणी बाहेरून येऊन शिकविण्याची गरज नव्हती. भजनात पुढचा म्हणतो आणि टाळकरी मागून उचलतात. अहमदनगर भागात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कृष्णराव सांगळे ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली, आणि पुढे टिळकांनी अभंग व ओवी हे छंद प्रभूच्या सेवेस आणिले. हे छंद कानाने शिकावयाचे आहेत. अभंगाचा चरण एवढा आखूड असतो की एकदा ऐकून तो तोंडात बसतो. टिळकांनी छंदाची ही निवड विचारपूर्वक केली असावी असे आम्हास वाटते. आपण मात्र ती गीते पुस्तकात नेऊन ठेविली, आणि आता पुस्तकातून पडद्यावर नेली आहेत.

आम्ही ही रीत पुन्हा आणावयाचे ठरविले तेव्हा विरोध झाला. पंचांपैकी एक बंधू म्हणाले की आता सर्वांना वाचता येते, ज्याला हवे त्याच्या मोबाइलवर गीत आहे. म्हणून आम्ही एका रविवारी मागे उभे राहून पाहिले. पडदा वाचता न येणारे नऊ जण निघाले. दोघींना अक्षरओळख नव्हती, चौघांचे डोळे अधू होते आणि तिघे कानडी शाळेत शिकलेले होते, त्यांना देवनागरी हळूहळू वाचावी लागते. हे तिघे तर विशी-पंचविशीतील होते. आम्ही त्यांना इतकी वर्षे निरुत्साही तरुण समजत होतो.

स्वराचीही एक गोष्ट सांगतो, कारण तिचा उपयोग इतर मंडळ्यांना होईल. कीबोर्ड वाजविणारा मुलगा गाणाऱ्या मुलीच्या सोयीने काळी चारचा स्वर धरी. तो तिला शोभे, पण वरच्या ओळीला पुरुषांचा गळा पोहोचत नसे आणि अर्धे मंदिर गप्प होई. आम्ही स्वर खाली आणला. मुलीला थोडे खर्जात जावे लागते, तिने ते आनंदाने मान्य केले. पहिल्या कडव्यानंतर माइक बंद ठेवावयाचे हेही ठरले. पहिले काही रविवार फार भकास गेले. लोकांना आपलाच आवाज ऐकू येऊ लागला आणि ते घाबरले.

आजींना बरे वाटल्यावर त्या काही महिने खुर्चीवर बसून येत होत्या. आम्ही त्यांना तिसऱ्या बाकाजवळ जागा केली. त्या पूर्वीसारखे मोठ्याने म्हणत नसत. कधी म्हणत, कधी नुसत्या ऐकत. आम्ही गप्प केलेला आवाज आम्हास पुरता परत मिळाला असे आम्ही म्हणणार नाही.

२०१५ च्या जुलैत त्या प्रभूकडे गेल्या. दफनाच्या वेळी पाऊस कोसळत होता. पुस्तक उघडता येईना, मोबाइल कोणी बाहेर काढीना. छत्रीखालून पाळकसाहेबांनी एक ओळ म्हटली आणि ती म्हणून ते थांबले. मागून सर्वांनी म्हटली. अशी सर्व कडवी झाली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक गीत आम्ही ओळ सांगून, सर्व कडव्यांसह म्हणतो. त्याला चार-पाच मिनिटे जास्त लागतात, ती आम्ही आमच्या उपदेशातून वजा करितो. त्याबद्दल अद्याप कोणी तक्रार केलेली नाही. ओळ सांगण्याचे काम सध्या सातवीतील एका मुलीकडे आहे. ती फार घाईने सांगते आणि शेवटचा शब्द गिळते. मागच्या बाकावरून कोणीतरी "पुन्हा सांग गं" म्हणून ओरडते, आणि ती पुन्हा सांगते.